चार तासांचा लेओव्हर आणि बेल्टवर राहिलेल्या बॅगा: या चुका टाळा

भुसावळला गाडी बदलायची म्हणजे पूल चढायचा, प्लॅटफॉर्म गाठायचा आणि चहा घेऊन बसायचं. धुळ्याची माणसं चाळीसगावला तेच करतात. आपल्याला ही सवय असते, म्हणून विमानाच्या तिकिटावर चार तासांचा लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला थांबा, दिसला की निवांत वाटतं. मागच्या वर्षी बहिणीकडून परदेशातून जळगावला परतताना माझे आई-आबा याच समजुतीमुळे अडकले.

त्यांचं विमान आधी देशातल्या दुसऱ्या एका मोठ्या विमानतळावर उतरणार होतं, तिथून पुढे मुंबई. बॅगांना लावलेल्या कागदी पट्टीवर मुंबईचा कोड होता. बॅगा परस्पर मुंबईला जातील असं धरून आबा बॅगा येतात त्या बेल्टकडे न बघता बाहेर पडले. मला फोन आला तेव्हा पुढचं विमान सुटायला सव्वा तास उरला होता. "बॅगेवर मुंबईच लिहिलंय रे," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मागून आईचा आवाज येत होता, "अहो, बोर्डिंग पासच्या मागच्या चिकट पावत्या दाखवा ना त्यांना!"

भारतात तुम्ही जिथे पहिल्यांदा उतरता, सहसा तिथेच इमिग्रेशन (पासपोर्टची तपासणी) आणि कस्टम्स (सामानाची तपासणी) होतं. पट्टीवर शेवटचं गाव लिहिलेलं असलं तरी बॅग बेल्टवरून स्वतः घ्यायची, कस्टम्समधून काढायची आणि पुन्हा जमा करायची. काही मार्गांवर वेगळी सोय असते, म्हणून निघतानाच काउंटरवर विचारा: "बॅग मधे घ्यायची का?" देशांतर्गत विमानाचे बॅग काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात. म्हणजे चारातला एक तास तिथेच गेला. उरलेल्यात इमिग्रेशनची रांग, बेल्ट, कस्टम्स आणि पुन्हा सुरक्षा तपासणी.

बॅग आत राहिलीच, तर आपल्या मनाने उलट आत शिरायला जाऊ नका, सोडत नाहीत. विमान कंपनीच्या माणसाला गाठून बॅगांच्या पावत्या दाखवा. बॅग सापडतच नसेल, तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. आईने जपलेल्या त्या दोन पावत्यांमुळेच बॅगा मिळाल्या. विमान मात्र गेलं.

तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, होतं, म्हणून कंपनीने पुढच्या विमानात बसवलं. दोन तिकिटं वेगवेगळी काढून थोडे पैसे वाचवायचा मोह होतो, पण वयस्कर माणसांसाठी तो करू नका. पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. तसं झालंच, तर दुसरं विमान सुटण्याआधी त्यांना फोन करा. विमान चुकलं तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मागता येतं, ते मागा.

मुंबईत टर्मिनल 1 आणि टर्मिनल 2 वेगळे आहेत, मधे रस्ता आणि मुंबईची वाहतूक. तिकिटावरचा आकडा वाचा. आणि भुसावळसारखी घोषणेची वाट बघू नका. मुंबई, दिल्लीत प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. गेट बदललं तर ते फलकावर दिसतं.

जाताना आईने ठेचा हातातल्या पिशवीत ठेवला होता. मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी झाली, तिथे तो काढून घेतला, कारण हातातल्या सामानात 100 मिलीपेक्षा जास्त द्रव किंवा ओलसर पदार्थ चालत नाही. ठेचा, लोणचं, तूप मोठ्या बॅगेत घाला. खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत नको. सुक्या खोबऱ्याला विमानात मनाई आहे. पॉवर बँक मात्र हातातच ठेवा.

आई-वडील एकटे येणार असतील तर 48 तास आधी व्हीलचेअर नोंदवा, चालता येत असलं तरी. रांगेत ताटकळणं वाचतं आणि बेल्टपाशी माणूस सोबत असतो. हे मी आधी केलं असतं तर आबा बॅगा सोडून बाहेर पडलेच नसते.

त्या रात्रीची जळगावची गाडीही हुकली. आता मी मुंबईहून पुढचं रेल्वे आरक्षण दुसऱ्या दिवशीचंच करतो, रात्री ते दोघं मामांकडे कल्याणला झोपतात.