प्रोटीनमधले रेसिड्यू कॉन्टॅक्ट कसे काढायचे (आणि "८ अँगस्ट्रॉम टाक" हा सल्ला का ऐकायचा नाही)

प्रोजेक्टचा सीझन आला की नेरुळ-खारघर पट्ट्यातल्या एमएस्सीच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, "ताई, कॉन्टॅक्ट मॅप काढलाय, एकदा बघाल का". (कॉन्टॅक्ट मॅप म्हणजे प्रोटीनमधले कुठले रेसिड्यू, म्हणजे साखळीतली एकेक अमिनो आम्लं, एकमेकांजवळ आहेत ते दाखवणारा चौकोनी तक्ता.) मी एकच विचारते, कुठल्या ॲटमपासून कुठल्या ॲटमपर्यंत मोजलंस? मग थोडा वेळ काहीच येत नाही आणि मग येतं, "८ अँगस्ट्रॉम घेतलं ना, सगळे तेच घेतात." (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) सगळे घेतात हे खरं, पण कशाचे ८ ते कोणी सांगत नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी लिंक पाठवायला बरी. पायथन येतं आणि बायोपायथन (पायथनमधली जीवशास्त्राची लायब्ररी) टाकलेलं आहे असं धरून चालते.

पायरी १: स्ट्रक्चर घ्या

हात बसेपर्यंत युबिक्विटिन घ्या, पीडीबी या प्रोटीन स्ट्रक्चरच्या सार्वजनिक साठ्यातलं १यूबीक्यू. ७६ रेसिड्यू, एकच चेन, १.८ अँगस्ट्रॉम रिझोल्यूशन (आकडा जितका लहान तितकं स्ट्रक्चर स्पष्ट), कटकट नाही. फाइल एमएमसिफ फॉरमॅटमध्येच उतरवा, जुना पीडीबी फॉरमॅट मोठ्या स्ट्रक्चरला पुरत नाही.

पायरी २: फाइल साफ करा

पाणी आणि लिगंड (प्रोटीनला चिकटलेले लहान रेणू) बाजूला काढा. पण म्हणून "हेटॅटम" लिहिलेलं सगळं उडवू नका, कारण सेलेनोमेथिओनिन (मेथिओनिनच्या जागी घातलेलं अमिनो आम्ल) तिथेच बसलेलं असतं आणि ते गेलं की चेनमध्ये भोक पडतं. एखादी साइडचेन (रेसिड्यूची बाजूला निघणारी फांदी) दोन जागी दाखवलेली असेल तर ज्या जागेची ऑक्युपन्सी जास्त ती ठेवा, दोन्ही ठेवल्या तर खोटे कॉन्टॅक्ट मिळतात. हायड्रोजन असतील तर काढून टाका. एक्स-रे स्ट्रक्चरमध्ये ते बहुतेक वेळा नसतातच, एनएमआरमध्ये (स्ट्रक्चर काढायची दुसरी पद्धत) असतात, आणि एकात धरले नि दुसऱ्यात नाहीत तर त्या दोघांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

दोन चेनमधले कॉन्टॅक्ट हवे असतील तर बायोलॉजिकल असेंब्ली (प्रत्यक्षात काम करणारा पूर्ण रेणू) घ्यायची, हे विसरू नका. ऑक्सिहिमोग्लोबिनच्या १एचएचओ फाइलमध्ये एक अल्फा आणि एक बीटा एवढंच आहे, म्हणजे अर्धा रेणू, उरलेला अर्धा सिमेट्रीने तयार होतो. डिऑक्सीच्या ४एचएचबीमध्ये चारही चेन आहेत. या दोन फाइल तशाच्या तशा शेजारी ठेवून "ऑक्सिजन आला की इंटरफेसचे कॉन्टॅक्ट गेले" असं लिहाल तर परीक्षक तिथेच पकडेल. आणि असेंब्लीची फाइल जुन्या पीडीबी फॉरमॅटमध्ये घेतली तर सिमेट्रीच्या कॉप्या वेगवेगळ्या "मॉडेल"खाली येतात, तुमचा कोड पहिलंच मॉडेल वाचत असेल तर एररही येत नाही आणि अर्धा रेणू गुपचूप गायब होतो.

पायरी ३: कॉन्टॅक्ट कशाला म्हणायचं ते ठरवा

इथे घाई करायची नाही. सुरुवातीला माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, कारण प्रत्येक पेपरमध्ये वेगळा आकडा दिसायचा, कुठे ४.५, कुठे ५, कुठे ८, कुठे १०, आणि मला वाटायचं यातला एक बरोबर असेल, बाकीचे चूक. तसं नसतं. आकडा ॲटमला चिकटलेला असतो. आधी ॲटम ठरवायचा, मग आकडा आपोआप एका छोट्या पट्ट्यात येतो.

सी-अल्फा ते सी-अल्फा हा सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारा मार्ग. सी-अल्फा बॅकबोनवर, म्हणजे साखळीच्या कण्यावर असतो, साइडचेन कुठे तोंड करून आहे हे त्याला माहीतच नसतं. घोडबंदर रोडच्या दोन टॉवरचं घ्या, लिफ्टपासून लिफ्टचं अंतर मोजलं तर शेजारी, पण एकाची गॅलरी खाडीकडे आणि दुसऱ्याची येऊरच्या डोंगराकडे असेल तर गॅलरीतून वाटीभर साखर देता येणार नाही. उलटही होतं. आर्जिनिन नि लायसिनच्या साइडचेन लांब असतात, त्यामुळे आर्जिनिन-ग्लुटामेटचा चांगला घट्ट सॉल्ट ब्रिज (विरुद्ध भारांच्या साइडचेनमधली पकड) असूनही दोघांचे सी-अल्फा १० अँगस्ट्रॉमच्या पलीकडे असू शकतात. ८ ची चाळणी लावली की तो सॉल्ट ब्रिज तुमच्या यादीत येतच नाही.

सी-बीटा, म्हणजे साइडचेनचा पहिला कार्बन, त्याहून बरा, कारण साइडचेन कुठल्या दिशेला निघाली एवढं तरी त्यातून कळतं. कॅस्प या स्ट्रक्चर प्रेडिक्शनच्या स्पर्धेत कॉन्टॅक्टची व्याख्या हीच, सी-बीटा ते सी-बीटा ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी. ग्लायसिनला सी-बीटा नसतो, तिथे सी-अल्फा घ्यायचा. हे कोडमध्ये लिहायला विसरलात तर सगळे ग्लायसिन मॅपमधून गळतात.

तिसरा मार्ग म्हणजे दोन रेसिड्यूंच्या हायड्रोजन सोडून बाकी सगळ्या ॲटममधलं सगळ्यात कमी अंतर, कटऑफ ४.५ किंवा ५. हा आकडा हवेतून आलेला नाही. कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या १.७ च्या आसपास, म्हणजे दोन कार्बन एकमेकांना टेकले की अंतर ३.४. पाण्याच्या रेणूची त्रिज्या साधारण १.४ धरतात, म्हणजे मध्ये पाणी शिरायला आणखी २.८ लागतात, बेरीज ६.२. तेव्हा ४.५-५ पर्यंत "हे दोघं खरंच टेकलेत" म्हणता येतं, ६ च्या पुढे म्हणता येत नाही. आणि म्हणूनच या पद्धतीत ८ टाकणं हा शुद्ध वेडेपणा आहे, तरी दर वर्षी कोणीतरी टाकतंच.

माझं मत स्पष्ट आहे. रिझोल्यूशन २ किंवा त्याहून चांगलं असेल आणि प्रश्न साइडचेनचा असेल, म्युटेशनने काय तुटलं वगैरे, तर सगळे ॲटम आणि ४.५. रिझोल्यूशन ३ च्या पुढे गेलं की साइडचेनच्या टोकांवर फार भरवसा ठेवू नका, तिथे सी-बीटा आणि ८. सी-अल्फा फक्त तेव्हा, जेव्हा फाइलमध्ये दुसरं काही नाहीच.

आता याच पायरीचा दुसरा अर्धा भाग, जो हमखास राहून जातो: क्रमाने जवळ असलेले रेसिड्यू वगळणं. सलग दोन सी-अल्फांमध्ये ३.८ अँगस्ट्रॉम असतात, आणि अल्फा हेलिक्समध्ये (साखळीचा स्प्रिंगसारखा वळलेला भाग) तीन घरं पुढचा साधारण ५ वर, चार घरं पुढचा ६.२ वर. म्हणजे हे सगळे कुठल्याही प्रोटीनमध्ये ८ च्या आत येणारच, त्यातून प्रोटीनची घडी कशी आहे ते काहीच कळत नाही. "माझ्या प्रोटीनमध्ये एवढे शेकडो कॉन्टॅक्ट" म्हणून जो आनंद होतो त्यातला बराचसा हाच माल असतो. घडी बघायची तर क्रमातलं अंतर किमान ६ ठेवा, लांब पल्ल्याचेच हवे असतील तर २४, कॅस्पमध्येही तसंच धरतात.

आणि हे क्रमातलं अंतर फाइलमधल्या रेसिड्यू नंबरांची वजाबाकी करून काढू नका! थ्रॉम्बिनमध्ये ६० नंतर ६०ए, ६०बी असं करत ६०आय पर्यंत रेसिड्यू आहेत, आणि नुसता नंबर वाचणाऱ्या कोडला ते सगळे ६० च वाटतात. अँटिबॉडीतही तेच, ८२ए, ८२बी, ८२सी. एमएमसिफमध्ये लेखकांनी दिलेला नंबर वेगळा आणि १ पासून सलग चालणारा नंबर वेगळा असतो, वजाबाकीला सलगवाला घ्या, रिपोर्टमध्ये लेखकांचा छापा. स्ट्रक्चरमध्ये न दिसलेले रेसिड्यूही सलग नंबरात मोजलेले असतात, त्यामुळे तुटलेल्या लूपची दोन टोकं शेजारी धरली जात नाहीत.

पायरी ४: मोजा

बायोपायथनचं नेबरसर्च वापरा, ते आतून केडी-ट्री (जवळचे बिंदू पटकन शोधायची रचना) वापरतं. ४एचएचबीमध्ये प्रोटीनचे साधारण साडेचार हजार ॲटम आहेत, प्रत्येक जोडी फॉर लूपने मोजायला गेलात तर एक कोटीच्या आसपास जोड्या होतात, मग लॅपटॉप तापला म्हणून मला सांगू नका.

पायरी ५: माहीत असलेल्या उत्तराशी ताडून बघा

स्वतःच्या प्रोटीनवर कोड चालवण्याआधी कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमवर चालवा, १एलवायझेड, १२९ रेसिड्यू. त्यात चार डायसल्फाइड बंध आहेत: ६-१२७, ३०-११५, ६४-८०, ७६-९४. सल्फर ते सल्फर २ अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे व्याख्या कुठलीही घेतलीत तरी या चार जोड्या यादीत दिसल्याच पाहिजेत (क्रमातलं अंतर २४ ठेवलंत तर मात्र ६४-८० आणि ७६-९४ गळणारच, इथे ६ ठेवा). एक जरी गायब असेल तर नंबरिंग तरी चुकलंय किंवा फाइल साफ करताना काहीतरी उडालंय. शिवाय मॅपकडे डोळ्यांनीही बघा. हेलिक्स कर्णाला चिकटून जाड पट्टी देते (क्रमाची चाळणी काढून बघितलं तर), समांतर बीटा स्ट्रँड (साखळीचे ताणलेले तुकडे) कर्णाला समांतर रेघ देतात, विरुद्ध दिशेचे कर्णाला काटकोनात रेघ देतात. नुसते विखुरलेले ठिपके दिसत असतील तर पायरी २ वर परत जा.

पायरी ६: प्रकार लावा

नुसतं "कॉन्टॅक्ट आहे" पुरत नसेल तर प्रकार वेगळे करा. हायड्रोजन बाँडला डोनर-ॲक्सेप्टर ३.५ पर्यंत, सॉल्ट ब्रिजला ॲस्पार्टेट-ग्लुटामेटचा ऑक्सिजन ते लायसिन-आर्जिनिनचा नायट्रोजन ४ पर्यंत, ॲरोमॅटिक रिंगांच्या मध्यांमध्ये ४.५ ते ७. कोड लिहायचा कंटाळा असेल तर बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या लोकांनी २००७ मध्ये आणलेला पीआयसी सर्व्हर हे सगळं प्रकारवार देतो, फक्त त्याचा आयनिक कटऑफ मुळात ६ आहे. तो तसाच ठेवून दुसऱ्याच्या ४ वाल्या आकड्यांशी तुलना केलीत तर तुमच्या प्रोटीनमध्ये सॉल्ट ब्रिज उगाच जास्त निघतील.

एनएमआर असेल तर फाइलमध्ये एकाच प्रोटीनची अनेक मॉडेलं असतात, तेव्हा सगळ्या मॉडेलवर चालवा आणि कॉन्टॅक्ट किती मॉडेलमध्ये आहे ते लिहा. अल्फाफोल्डचं (संगणकाने वर्तवलेलं) मॉडेल असेल तर फाइलमध्ये बी-फॅक्टरच्या जागी पीएलडीडीटी (त्या रेसिड्यूबद्दल किती खात्री आहे तो ० ते १०० मधला आकडा) असतो, ७० च्या खालचे रेसिड्यू यादीतून काढा, ५० च्या खालच्या लांबलचक शेपट्या तर बघूही नका.

रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहा: पीडीबी आयडी, असेंब्ली, ॲटम, कटऑफ, क्रमातलं किमान अंतर. मला मॅप पाठवायचा असेल तर ही ओळ आधी पाठवा, मग चित्र.