चिनी अक्षर बरोबर काढलं तरी ॲप लाल काहून दाखवते? एकेक करून कसं तपासायचं

"मामा, मी तर बरोबरच काढलं नं, मंग हे लाल काहून दाखवते?" माझी भाची दिवाळीपासून चिनी शिकते आहे मोबाईलवर, आणि हा प्रश्न मी तिच्याकडून इतक्या वेळा ऐकला की शेवटी तिच्यासोबत बसून एकेक कारण शोधून काढलं. गावात विचारायला कोणी नसते, वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात चिनी शिकवतात पण तिथं रोज कोण जाणार, म्हणून जे सापडलं ते सगळं लिहून ठेवतो.

आधी हे समजून घ्या की ॲपला तुमचं अक्षर दिसतच नाही. बोट काचेला लागल्यापासून उचलेपर्यंत जी रेघ झाली ती एक रेघ, तिची सुरुवात कुठं, शेवट कुठं, दिशा कोणती, आकार कसा, एवढंच ते जुळवते. म्हणून अक्षर दिसायला अगदी छान असलं तरी मधात बोट उचललं गेलं किंवा रेघ उलटीकडून ओढली की ते चूक धरते.

मंग पहिलं काम, फोनला नेमकं काय दिसलं ते पाहायचं. ॲण्ड्रॉइडच्या सेटिंगमधे 'अबाऊट फोन'मधे 'बिल्ड नंबर' असते (काही फोनात एक पायरी आत असते), त्यावर ७ वेळा टॅप केलं की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडते, त्यात 'पॉइंटर लोकेशन' चालू करा. आता बोट जिथून जाईल तिथं रेघ उमटते आणि वरच्या पट्टीत किती बोटं लागली त्याचा आकडा येते. एक लांब आडवी रेघ ओढून पाहा. मधात तुटली तर दोष तुमच्या अभ्यासात नाही. एकाच बोटानं लिहित असताना आकडा २ झाला तर तळहात टेकते आहे. तिथल्या दुसऱ्या ऑप्शनांना हात लावू नका, काम झालं की हे बंद करा.

आमच्याकडं रेघ तुटतच होती, आणि कारण निघालं बोटं. कापूस वेचणीचे दिवस, बोंडाच्या काट्यांनी बोटं फाटलेली, कातडी जाड आणि कोरडी, आणि ही काच बोटातून वीज ओळखते म्हणून कोरड्या बोटाचा टच मधातच सुटते. एक रेघ दोन होऊन जाते. हात धुवून, नीट पुसून मंग लिहायला बसा. तेल लावून नका बसू, काच निरा बरबटते. जमलं तर मोबाईलच्या दुकानातून रबरी टोकाचा साधा पेन घ्या, आणि काचेवर जाड ग्लास लावला असेल तर सेटिंगमधे टच सेन्सिटिव्हिटी वाढवायचं ऑप्शन आहे का ते पाहा. उन्हाळ्यात उलटं, घामाचा थेंब काचेवर पडला की फोन त्यालाच बोट समजते.

चार्जर लावून लिहू नका. लाईन रात्रीच येते म्हणून सगळे तसंच करतात, पण हलका चार्जर, त्यात घराला अर्थिंग नसलं की काचेवर आपोआप टच होतात, पॉइंटर लोकेशनमधे हे साफ दिसते. चार्जर काढा, बॅटरी सेव्हर बंद करा. आणखी एक, आडवी रेघ डावीकडूनच सुरू होते, आणि ॲपमधली लिहायची चौकट स्क्रीनच्या काठाला लागून असली तर फोन तिला 'मागे जा' समजते. नेव्हिगेशनमधे तीन बटनं घेतली की हा त्रास जाते.

एवढं करूनही लाल येत असेल तर मंग हाताची सवय. मला सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि कोणी सांगत नाही. आपण मराठीत अक्षर आधी काढतो आणि शिरोरेषा शेवटी देतो, पहिलीपासून हात तसाच बसला आहे. चिनीत वरची आडवी रेघ बहुतेक आधी येते. 'खाली' या अर्थाचं श्या घ्या, दिसायला शिरोरेषेखाली काना आणि बाजूला टिंब. भाची काना आधी काढायची, वरची रेघ मागून द्यायची, ॲप दरवेळी लाल.

दुसरी सवय गोल वळवायची. 'तोंड' म्हणजे खौ, नुसता चौकोन, पण त्यात चार नाही तीनच रेघा: डावीकडची उभी, मंग वरची आडवी जी कोपऱ्यावर बोट न उचलता तशीच खाली उतरते, शेवटी तळाची. कोपऱ्यावर बोट उचललं की चूक. 'देश' म्हणजे क्वो, त्यात चौकटीच्या आत अक्षर आहे, तिथं मी तिला सांगितलं की कोठ्यात ढोरं आत घे आणि मंग फाटक लाव, तळाची रेघ सर्वात शेवटी. तेव्हापासून चुकली नाही. 'लहान'चं श्याओ मात्र मधल्या उभ्या रेघेपासून, मंग डावं, मंग उजवं. आणि टिंब म्हणजे टॅप नाही, छोटी का होईना रेघ ओढा, नुसत्या टॅपला दिशाच नसते.

क्रमही देशादेशात वेगळा आहे. 'राजा' म्हणजे वांग, तीन आडव्या एक उभी. चीनमधे दोन आडव्यांनंतर उभी येते, जपानमधे पहिल्या आडवीनंतरच. जपानी व्हिडिओ पाहून शिकलात आणि ॲप चीनचं असलं तर भांडण होणारच. चीननं ८१०५ अक्षरांचा रेघक्रम ठरवून दिला आहे, तो १ मार्च २०२१ पासून लागू आहे, त्यामुळं ॲपच्या सेटिंगमधे सोपी चिनी लिपी ('सिम्प्लिफाइड') निवडली आहे का ते पाहून घ्या.

तरी शंका असेल तर जीबोर्डमधे, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमधे, चिनी हस्तलेखन जोडा आणि तेच अक्षर तिथं काढा. कीबोर्डला फक्त अक्षर ओळखायचं असते, क्रम थोडा चुकला तरी बरेचदा ओळखते. तिथं आलं आणि सरावाच्या ॲपमधे नाही आलं, तर क्रम किंवा दिशा तपासा. दोन्हीकडं नाही आलं तर आकारच बिघडला आहे.

काही ॲपमधे कडकपणा कमी करायचं सेटिंग असते. हान्झी रायटर नावाचा फुकट कोड आहे, ॲप किंवा वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी, त्यात कडकपणाचा आकडा बदलता येते आणि नेहमीच्या सेटिंगवर ३ वेळा चुकल्यावर रेघ स्वतः दाखवते. सुरुवातीला ढिलं ठेवा, आठवडाभरानं घट्ट करा.

भाची आता आधी गणिताच्या चौकटीच्या वहीत लिहिते, चार चौकटींचं एक घर करून, म्हणजे मधात आपोआप अधिकचं चिन्ह येते आणि श्याचा काना बरोब्बर त्या उभ्या रेघेवर उतरते. वहीत दहा वेळा झालं की मंग मोबाईल घेते.