वनशेतीत या चुका टाळा: कुऱ्हाडीआधी कुदळ घ्या

झाडांच्या ओळीलगतची पिकाची दोन-तीन तासं, म्हणजे ओळी, पिवळी, खुजी राहिली की पहिला आळ सावलीवर येतो आणि आठवडाभरात झाड आडवं होतं. वनशेतीतली, म्हणजे पिकांसोबत झाडं लावण्याच्या शेतीतली, सगळ्यात महाग चूक हीच. इतक्या वर्षांचं झाड पंधरा मिनिटांत जातं, आणि पुढच्या हंगामात पीक पुन्हा पिवळंच, कारण दुखणं भलतीकडे असतं.

आधी पीक बघा. सावलीतलं पीक उंच, बारीक, लांब कांड्यांचं होतं आणि लोळतं. पाण्याची ओढाताण असेल तर पानं दुपारी माना टाकतात, सकाळी पुन्हा ताठ होतात. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. तरीही मुळांवरच संशय असेल, तर ओळीपासून मीटरभर अंतर सोडून थोड्या लांबीचा, ५०-६० सेंटिमीटर खोल चर मारा. फक्त त्या तुकड्यासमोरचं पीक सावरलं, तर भांडण मुळांचं. मग तो चर ओळभर वाढवा, पण एका वर्षी एकाच बाजूने. दोन्हीकडची मुळं एकदम तोडलीत तर झाड पहिल्याच वादळात कलंडेल. सावलीच नडत असेल तर खालच्या फांद्या छाटून भागतं.

भुसा मातीत कालवणं

पिवळेपणाचं हे कारण सहसा लक्षातच येत नाही. छाटलेल्या फांद्यांचा भुसा किंवा वाळलेलं काड ‘सेंद्रिय कर्ब वाढेल’ म्हणून नांगरून मातीत गाडतात. मातीतल्या जिवाणूंना खाद्यात साधारण २४ भाग कर्बाला १ भाग नत्र लागतं. गव्हाच्या काडात १ भाग नत्रामागे कर्ब ८० भागांच्या आसपास असतो, लाकडाच्या भुशात तर कित्येकशे भाग. कमी पडलेलं नत्र जिवाणू मातीतून ओढतात आणि पीक उपाशी राहतं. तेच काड वरून आच्छादन म्हणून पसरलं तर हा त्रास वरच्या पातळ थरापुरताच राहतो. गाडायचंच असेल तर गिरिपुष्पाचा किंवा सुबाभळीचा कोवळा पाला गाडा. आच्छादन मात्र बुंध्याला टेकवू नका, साल कुजते.

शेंगा दिसल्या की नत्र मिळालं, असं धरून चालणं

चिंच, बहावा, गुलमोहर या सगळ्यांना शेंगा येतात, पण मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी नसतात. ज्यांना असतात, त्यांच्याही गाठी कामावर आहेत का हे तपासावं लागतं. बारीक मुळं अलगद उकरा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही.

शिवाय झाड हे नत्र शेजारच्या पिकाच्या हातात फारसं देत नाही. ते मातीत येतं मुख्यतः पाला आणि जुनी मुळं कुजल्यावर. सगळा पाला गोठ्यात गेला आणि शेण शेतात परतलं नाही, तर झाड लावूनही माती आहे तशीच, किंबहुना कंगालच. स्फुरद (फॉस्फरस) तर झाडाला हवेतून आणताही येत नाही.

छाटणीची वेळही इथेच चुकते. कोवळा पाला काही आठवड्यांत कुजतो. पेरणीच्या फार आधी टाकलात तर पिकाची मुळं पसरेपर्यंत नत्र पावसाबरोबर खाली निघून जातं. पेरणीच्या तोंडावर छाटा. प्रकाशही मोकळा होतो.

रोपांबद्दल थोडक्यात: पिशवीत गोल वेटोळी झालेली मुळं सोडवून किंवा कापून लावा, आणि बुंध्याची मान, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात ती जागा, मातीखाली पुरू नका.

कधी कधी मात्र झाड खरंच दोषी असतं. काळ्या अक्रोडाच्या मुळांतून जुग्लोन नावाचं द्रव्य येतं आणि जवळचे टोमॅटो कोमेजतात. तिथेही कुऱ्हाड लगेच कामी येत नाही, कारण कुजणाऱ्या मुळांमुळे जुग्लोन मातीत राहतं. मका किंवा कांदा लावा, त्यांना ते सोसतं.