ग्राफिक कार्ड घेताय? मग एसएमपीएसच्या या चुका टाळा

कार्डाला तीस हजार, दिव्यांच्या पंख्यांना तीन हजार, आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा? "तो आहे ना, कॅबिनेटबरोबर आलेला." इंदूरच्या कुठल्याही काउंटरवर विचारा, उत्तर तयार असतं: "चल जाएगा भिया."

चालतोही. यूट्यूब पाहताना सगळंच चालतं. गेम सुरू केला की पाच-दहा मिनिटांत पडदा काळा आणि मशीन रीस्टार्ट. मग लोक विंडोज नव्याने टाकतात, ड्रायव्हर बदलतात, रॅम काढून खोडरबरने घासतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की विंडोजलाच शिव्या. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद झालं नाही. निळा पडदा न येता, फक्त लोडवरच मशीन पडत असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या.

डब्यावरचा मोठा आकडा पाहून घेणं

एसएमपीएस हातात आला की मी आधी तो उलटा करून लेबल वाचतो. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत, एवढंच बघायचं असतं. कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज तिथूनच ओढतात. लोकमान्य नगरातल्या आमच्या भाच्याच्या मशीनमधून निघालेल्या डब्यावर ठसठशीत '५०० वॉट' होतं आणि १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. गुणाकार करा: १९२ वॉट. त्याच्या आय५-१२४०० प्रोसेसरला टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, ११७ वॉटपर्यंत लागतात, आरटीएक्स ४०६० कार्डाला ११५. झाले २३२, आणि मदरबोर्ड, पंखे, डिस्क अजून धरलेच नाहीत. बाकीचे वॉट कुठे होते? ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत, ज्यांचा कार्डाला काडीचा उपयोग नाही.

एनव्हिडिया याच ४०६०साठी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते, तर लोकांना वाटतं कंपनी उगाच घाबरवतेय. त्या आकड्यात पूर्ण मशीन धरलेलं असतं. शिवाय कार्डाची ओढ सरळ रेषेत नसते, क्षणभर ती सरासरीच्या कितीतरी वर उडी मारते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात म्हणूनच नव्या १६ पिनी कनेक्टरवाल्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट लोड झेलावा अशी अट आहे. माझा हिशेब गावठी आहे: कार्ड अधिक प्रोसेसर, त्याची दीडपट, आणि तिथून पुढचा मिळेल तो चांगल्या कंपनीचा डबा. ४०६०सारख्या कार्डाला चांगला ५५० पुरतो. हजार वॉटचा घेऊन मिरवण्यात अर्थ नाही.

ब्राँझ-गोल्डचं स्टिकर किती वीज वाया जाते ते सांगतं. आतला माल कसा आहे, ते नाही.

जुन्या केबल तशाच ठेवून फक्त डबा बदलणं

ही चूक पाहिली की मला खरोखर राग येतो, कारण ती निव्वळ आळसातून होते.

सुदामा नगरातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा. ७५० वॉटचा नवा मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणारा, एसएमपीएस आणला. जुनाही मॉड्युलरच होता आणि त्याच्या केबल मागच्या बाजूने झिप-टायने छान बांधलेल्या. ते सोडायचं जिवावर आलं, म्हणून त्याने जुना डबा उपसला आणि त्याच केबल नव्या डब्यात खोचल्या. खटकन बसल्या. बटण दाबलं, बारीकसा 'टप्' आवाज, जळका वास. मला फोन: "दादा, केबल तर बरोबर बसली होती!" एसएसडी गेलेली, हार्ड डिस्कही गप्प, आणि त्या डिस्कवर आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे सगळे फोटो. काकू दारात उभ्या.

केबलचं डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं. डब्याकडचं टोक नसतं. तिथे कोणत्या पिनेवर काय द्यायचं, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो. इथे ५ व्होल्टच्या तारेवर १२ व्होल्ट आले होते. हार्ड डिस्कच्या बोर्डावर पॉवर कनेक्टरच्या शेजारी एक बारका डायोड असतो. व्होल्टेज वाढलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि बाकीचा बोर्ड वाचवतो. जेल रोडवरच्या एका मोबाईल रिपेअरवाल्याने तो हॉट एअरने उचलला, डिस्क फिरली, आणि आम्ही तेवढ्यात फोटो काढून घेतले. हा मटका दर वेळी लागत नाही. एसएसडी कचऱ्यात गेली.

डबा बदलला की सगळ्या केबल बदला. जुन्या केबल मी जुन्या डब्यासकट एका थैलीत घालून वर मार्करने मॉडेल लिहितो. सुट्या केबलींचा खण घरात ठेवतच नाही.

बाकीच्या

साटा टू ६ पिन कन्व्हर्टर: नको. साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, कनेक्टरला १२ व्होल्टवर ५४ वॉट झेपतात, ६ पिनीकडून कार्ड ७५पर्यंत मागू शकतं. प्लास्टिक वितळतं. ज्या एसएमपीएसला कार्डाची केबलच नाही, त्याने आपली ऐपत स्वतःच सांगितलीय.

प्रोसेसरची आठ पिनी केबल आणि कार्डाची आठ पिनी केबल वेगळ्या. बसत नसेल तर जोर लावू नका.

मोठ्या कार्डाला दोन आठ पिनी लागत असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा. एकाच केबलला दोन तोंडं आहेत म्हणून दोन्ही वापरायलाच हवीत असं नाही.

१६ पिनी कनेक्टर पूर्ण आत बसला का, ते टॉर्च लावून बघा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० कार्डांचे कनेक्टर वितळले, तेव्हा अर्धवट बसवणं हे एक मोठं कारण निघालं. केबल कनेक्टरपाशीच मोडू नका, तीन-साडेतीन सेंटीमीटर सरळ जाऊ द्या.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॉट नव्हे. साधारण ३६० धरा. लाइट गेल्यावर गेम खेळत बसण्यासाठी तो नाहीच, सेव्ह करून बंद करण्यासाठी आहे.

रामबागेतल्या जुन्या घरांत कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात आणि लोक एसएमपीएस बदलून आणतात. नवा लावला तरी मुंग्या तशाच. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगकडे जातच असतो. भिंतीत अर्थिंगच नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर राहतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की धुळीने बुजलेला एसएमपीएस आधी मान टाकतो. साफ करताना डबा उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर राहू शकतात. बाहेरूनच ब्लोअर मारा, आणि मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा.