किडनी ट्रान्सप्लांटची तयारी: गोळी सुरू झाली तर फोन, बंद झाली तरी फोन

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात आधी कागदांची आणि पैशांची धावपळ सुरू होते. त्याबद्दल इथे लिहीत नाही. नात्याचे पुरावे, समितीसमोरची मुलाखत, हे सगळं को-ऑर्डिनेटर तुमच्याकडून करून घेतातच. वेगळी खोली, स्वच्छ बाथरूम, मास्क हेही कुणी ना कुणी सांगतंच. मी लिहितोय ते प्रतिकारशक्तीच्या बाजूनं करायच्या तयारीबद्दल, कारण किडनी बसली की पुढे आयुष्यभर तोल सांभाळायचा असतो तो तिथेच. प्रतिकारशक्ती कमी दाबली तर शरीर नवी किडनी नाकारतं, जास्त दाबली तर जंतूंना मोकळं रान मिळतं. दादाच्या वेळी यातली एक गोष्ट आमच्याकडून राहिली. आता नात्यातल्याच एकाची तयारी चालू आहे. तो बरीच वर्षं एचआयव्हीची औषधं घेतोय, त्यामुळे यादी वाढली. त्याची ओळख न देता, त्याला विचारूनच लिहितोय.

राहिलेली गोष्ट आधी सांगतो. टॅक्रोलिमस, म्हणजे वॉर्डात सगळे ज्याला टॅक्रो म्हणतात ती गोळी, हा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधोपचाराचा कणा. रक्तातली तिची पातळी ठरलेल्या पट्ट्यातच राहावी लागते. आतड्यातलं आणि यकृतातलं एक एन्झाइम ती मोडत असतं. काही औषधं त्या एन्झाइमला अडवतात, मग टॅक्रो साचते, हात थरथरतात, क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला म्हणजे किडनीचं काम मंदावलं असं धरतात) चढतं. काही औषधं त्याला जोर देतात, मग टॅक्रो उरतच नाही. इतकं बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून नवीन गोळी सुरू करताना आपण ट्रान्सप्लांट टीमला फोन करतो. आम्हीही केला होता. दादाच्या तोंडात बुरशीचा पांढरा थर आला, फ्लुकोनाझोल सुरू झालं, टीमनं टॅक्रोचा डोस उतरवला, लेव्हल तपासली, सगळं नीट. कोर्स संपला आणि विषयही संपला असं आम्ही धरून चाललो. टॅक्रोचा डोस मात्र खालीच राहिला. अडवणारं औषध गेल्यावर एन्झाइम पुन्हा पूर्ण जोमानं कामाला लागलं. पुढच्या तपासणीत लेव्हल तळाला, क्रिएटिनिन वर. बायोप्सीत रिजेक्शन, म्हणजे शरीर किडनी नाकारतंय, असं निघालं, मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं सलाईनमधून द्यावी लागली. किडनी वाचली, पण क्रिएटिनिन जुन्या आकड्यावर परत आलं नाही.

म्हणून ऑपरेशनच्या आधीच स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ही सवय लावून घ्या. कोणतंही औषध सुरू झालं की त्या तारखेच्या चौकोनात नाव, आणि कोर्स ज्या दिवशी संपणार त्या चौकोनात आजच लाल पेननं ‘संपलं, फोन’. संपल्यावर लिहू म्हणाल तर लिहिलं जाणार नाही, बरं वाटायला लागल्यावर कुणाला आठवत नाही. सुरू होतानाच शेवटची तारीख लिहा.

आता ऑपरेशनपूर्वीचं. लसी सर्वांत आधी, कारण ट्रान्सप्लांटनंतर जिवंत जंतूंच्या लसी बंद होतात, बाकीच्या घेतल्या तरी शरीर त्यांना धड प्रतिसाद देत नाही. कांजिण्या झालेल्या नसतील आणि रक्तात त्यांची अँटीबॉडी नसेल तर ती लस ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी. एचआयव्ही असेल तर सीडी४ (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या पांढऱ्या पेशींची मोजणी) २०० च्या वर असल्याशिवाय जिवंत लस नाही. हिपॅटायटिस बी ची लस डायलिसिसवरच्या माणसाला दुप्पट मात्रेत देतात, आणि नंतर अँटीबॉडी १० च्या वर गेली का ते तपासून घ्यायचं असतं. हे तपासणं लोक सोडून देतात. न्यूमोकोकस आणि फ्लूची लस घ्या. घरात बाळ असेल तर त्याच्या पोलिओच्या थेंबांबद्दल टीमला आधी विचारा.

दात. किडलेला दात आत्ताच काढून किंवा भरून घ्या.

टीबी. आपल्याकडे हा प्रश्न टाळून चालत नाही. छातीचा एक्स-रे, जुन्या टीबीचा इतिहास, घरात कुणाला झाला होता का, हे स्वतःहून सांगा. ट्रान्सप्लांटनंतर टीबी झाला तर रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध टॅक्रोची पातळी इतकी पाडतं की डोस कित्येक पटींनी वाढवावा लागतो, किंवा रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन वापरावं लागतं. आणि रिफाम्पिसिन थांबवल्यावर साधारण दोन आठवड्यांत त्याचा प्रभाव उतरतो, तेव्हा तोच वाढवलेला डोस विषासारखा होतो. म्हणजे इथे गोळी बंद झाल्यावरचा धोका उलट्या दिशेनं येतो. फोन दोन्हीकडे लागतोच.

रक्त चढवणं. हिमोग्लोबिन कमी दिसलं की बाहेरचे डॉक्टर सहज एक पिशवी लावायला सांगतात. अगदी गरज नसेल तर ट्रान्सप्लांटच्या प्रतीक्षेतल्या माणसाला रक्त चढवू देऊ नका. परक्या पेशी पाहून शरीर अँटीबॉडी तयार करतं, आणि त्याच उद्या दात्याच्या किडनीवर तुटून पडतात. चढवावंच लागलं तर तारीख लिहून ठेवा, टीमला सांगा, त्यानंतर अँटीबॉडीची तपासणी नव्यानं करावी लागते. बाळंतपणं आणि आधीचं ट्रान्सप्लांट यांनीही अँटीबॉडी तयार होतात, त्यामुळे पत्नी घेणारी आणि पती देणारा असेल तर क्रॉसमॅचच्या (घेणाऱ्याच्या अँटीबॉडी दात्याच्या पेशींवर उठतात का ही तपासणी) रिपोर्टबद्दल नीट विचारा.

सीएमव्ही विषाणूची तपासणी घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची, दोघांची. दात्याला तो होऊन गेलाय आणि घेणाऱ्याला नाही, अशी जोडी असेल तर धोका सर्वांत जास्त असतो आणि त्याला रोखणारं व्हॅलगॅनसायक्लोव्हिर सहा महिन्यांपर्यंत द्यावं लागतं. ते महाग आहे. खर्चाच्या हिशेबात आत्ताच धरा.

आता एचआयव्ही असलेल्यांसाठी, आणि इथे जरा थांबून वाचा. ‘एचआयव्ही आहे म्हणजे ट्रान्सप्लांट नाहीच’ असं अजूनही ऐकवलं जातं. ते जुनं झालं. अमेरिकेतल्या १५० रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तीन वर्षांनी सुमारे ८८ टक्के माणसं हयात होती आणि सुमारे ७४ टक्के किडन्या चालू होत्या. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनमध्ये २००८ पासून एचआयव्ही असलेल्या दात्यांच्या किडन्या एचआयव्ही असलेल्यांनाच बसवल्या गेल्या. आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि एचआयव्हीमुळे उपचारात भेदभाव करायला त्यात मनाई आहे. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. तुमची माहिती संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही हेही त्याच कायद्यात आहे, म्हणून नातेवाइकांसमोर फाईल उघडायच्या आधी रुग्णाला विचारा.

पण त्या अमेरिकेतल्या अभ्यासातला दुसरा आकडाही डोळ्यांआड करू नका: पहिल्या वर्षात ३१ टक्के रुग्णांना रिजेक्शन आलं, इतरांपेक्षा कितीतरी जास्त. लोकांना वाटतं, एचआयव्हीनं प्रतिकारशक्ती आधीच दुबळी, मग शरीर किडनी कशाला नाकारेल? तसं होत नाही. औषधांनी विषाणू दबलेला असतो आणि बाकीची यंत्रणा चांगली जागी असते, किंबहुना सतत भडकलेली असते. त्यात औषधांच्या आपसांतल्या भांडणानं टॅक्रोची पातळी वरखाली झाली की रिजेक्शनला वाट मिळते. म्हणून सीडी४ २०० च्या वर आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) न सापडण्याइतका, या दोन अटींबरोबर तिसरी गोष्ट लागते ती एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या, गोळ्यांची नावं. ‘एआरटी चालू आहे’ एवढं सांगून भागत नाही. पाकिटावरचं नाव बघा.

पाकिटावर रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल, म्हणजे अटाझानाविर, लोपिनाविर किंवा दारुनाविरची जोडी, तर ते एन्झाइम जवळजवळ बंदच पडतं. अशा माणसाला टॅक्रोचा अर्धा किंवा एक मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा पुरतो, जिथे इतरांना रोज दोन वेळा द्यावी लागते. आता विचार करा, ही गोळी एआरटी सेंटरवर बदलली आणि किडनीच्या डॉक्टरांना कुणी कळवलं नाही, तर काय होईल? आठवड्यातून एक गोळी चालूच राहील आणि टॅक्रो रक्तात शोधून सापडणार नाही. एफाविरेन्झ हे एआरटीतलंच दुसरं औषध नेमकं उलटं करतं, ते टॅक्रो कमी करतं, आणि ते बंद झालं की टॅक्रो वाढते. त्यामुळे ऑपरेशनच्या आधीच डोलुटेग्राविर या एआरटीच्याच गोळीवर जाता येईल का ते दोन्ही डॉक्टरांना विचारा, त्याचं टॅक्रोशी भांडण नाही. बदल ऑपरेशनच्या बराच आधी करा, म्हणजे व्हायरल लोड दबलेलाच राहतोय याची खात्री पटते.

डोलुटेग्राविरच्या दोन खोड्या. सुरू केल्यावर क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढतो, किडनी बिघडलेली नसतानाही, म्हणून त्याची सुरुवातीची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर हवी. आणि अँटासिडबरोबर कधीही, किंवा कॅल्शियम, लोह यांच्याबरोबर रिकाम्या पोटी घेतली तर ती अंगी लागत नाही: दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोलुटेग्राविर एकत्र) गोळीतल्या टेनोफोविरनं किडनीला त्रास होऊ शकतो, त्यामुळे ते काढायचा विषय निघतोच. काढण्यापूर्वी हिपॅटायटिस बी आहे का ते तपासलेलं असलंच पाहिजे. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन त्यालाही दाबून ठेवतात, पर्याय न देता बंद केलं तर हिपॅटायटिस उसळतो. पुन्हा तेच. बंद करण्यातला धोका सुरू करण्याइतकाच मोठा असतो.

एआरटी सेंटरच्या आणि नेफ्रॉलॉजिस्टच्या फाईल वेगळ्या, इमारती वेगळ्या, कधी शहरंही वेगळी. दोघांमधला दुवा तुम्हीच आहात. एक कागद करा: औषधाचं नाव, मात्रा, वेळ, सुरू झाल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख. शेवटचा रकाना आमच्या पहिल्या कागदावर नव्हता. प्रत्येक भेटीत दोन्हीकडे एक प्रत द्या.

ऑपरेशनच्या वेळी थायमोग्लोब्युलिन (प्रतिकारशक्तीच्या पेशी एकदम कमी करणारं इंजेक्शन) देणार का, विचारून ठेवा. एचआयव्ही असेल तर त्यानंतर सीडी४ काही महिने खूप खाली राहू शकतं, मग संसर्ग टाळायची औषधं लांबतात.

घरी आल्यावर टॅक्रो टीमनं ठरवून दिलेल्या वेळी, बहुतेकांना बारा बारा तासांनी, मोबाइलला गजर लावून. लेव्हलच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर. खिशात घेऊन जा, घरून घेऊन निघू नका, नाहीतर आकडा खोटा येतो. केमिस्टनं दुसऱ्या कंपनीची टॅक्रो दिली तर घेऊ नका. नाइलाज झाला तर फोन करून लेव्हल तपासा. जुलाब झाले तर टॅक्रो बाहेर पडत असेल असं वाटतं, प्रत्यक्षात पातळी वाढते, म्हणून दोन दिवस जुलाब म्हणजे फोन. गणपतीत पपनस घरात येतं, ते आणि ग्रेपफ्रूट रुग्णाच्या ताटात नको, तेही एन्झाइमला अडवतात. गुळवेलीचा काढा, प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णं घेऊन भेटायला येणारी माणसं प्रेमानं आणतात. हात जोडून नाही म्हणा. आपण जी शक्ती दाबायला महिन्याला हजारो रुपये खर्च करतोय तिला कुणी चेतवायला नको.

बीपीची गोळी. हिच्यावर कुणाचा संशय जात नाही. काही केंद्रं डिल्टियाझेम मुद्दाम देतात, कारण त्यानं टॅक्रो वाढते आणि कमी गोळ्यांत काम भागतं. गावातल्या डॉक्टरांनी पाय सुजले किंवा नाडी मंद झाली म्हणून ती बदलून दुसरी दिली, की टॅक्रो खाली. त्यांची काही चूक नसते, त्यांना माहीत नसतं. तुम्हाला माहीत हवं. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीसाठी कोणतंही ‘नाझोल’, फिटची गोळी, टीबीची गोळी, एआरटी, बीपी: सुरू, बदल, बंद, तिन्ही वेळा फोन. पाच दिवसांचा कोर्स असला तरी.

पहिला ते सहावा महिना जंतूंचा. सेप्ट्रान न्यूमोनिया टाळण्यासाठी असते, पुरळ आलं तरी मनानं थांबवू नका, विचारा. बीके विषाणूची रक्ततपासणी सांगतील तेव्हा करा, त्याला खात्रीचं औषध नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंच कमी करावी लागतात. रिजेक्शनला बहुतेकदा दुखत नाही, लघवी चांगली होत असते, फक्त क्रिएटिनिन वाढतं. म्हणून बरं वाटतंय म्हणून तपासणी चुकवायची नाही. ताप १००.४ च्या वर गेला की त्याच दिवशी दाखवा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही. कबुतरांची विष्ठा, बांधकामाची धूळ, कुंडीतली माती यांपासून लांब.

पुढे साखर तपासा, टॅक्रो आणि स्टेरॉइडनं मधुमेह होऊ शकतो. उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्या, त्वचेवर न भरणारा डाग दिसला तर दाखवा. गाठ आली तर दाखवा. एचआयव्ही असेल तर व्हायरल लोड ठरलेल्या वेळी.

जानेवारीत कालनिर्णय बदलताना जुन्यावरचे लाल चौकोन नव्यावर उतरवून घ्या. डिसेंबरात सुरू झालेला कोर्स जानेवारीत संपतो.