ऑनलाइन सातबाऱ्यावर क्षेत्र चुकलंय? आमचं असं दुरुस्त झालं

हस्तलिखित सातबाऱ्यावर आमच्या जमिनीच्या गटाचं क्षेत्र १.२० हेक्टर, संगणकीकृत उताऱ्यावर ०.१२. पीककर्ज तिथेच अडलं. तलाठ्यांना तोंडी सांगून पाहिलं, मग पैसे भरून मोजणी केली. मोजणीने हद्दी कळतात, सातबारा बदलत नाही. दोन हंगाम गेले, फार मनस्ताप झाला.

शेवटी तहसीलच्या अभिलेख कक्षातून संगणकीकरणाआधीच्या शेवटच्या हस्तलिखित सातबाऱ्याची आणि ज्या फेरफाराने (महसुली दप्तरातल्या बदलाच्या नोंदीने) जमीन नावावर आली त्याची प्रमाणित नक्कल काढली (साधी झेरॉक्स चालत नाही). मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. त्यात गट क्रमांक, चुकीचा आकडा, बरोबर आकडा आणि नकलांचा आधार, एवढंच. भाऊबंदकीतला वाद त्यात घालू नका. हे कलम लेखनातल्या चुकांसाठी आहे. पोच घेतली. तलाठ्यांचा अहवाल गेला, आदेश झाला.

पण आदेश झाला म्हणून उतारा आपोआप बदलत नाही. आदेशाची प्रत तलाठ्यांना देऊन फेरफार धरायला लावला. मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केल्यावरच १.२० दिसलं. आठ-अ उतारासुद्धा (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा) लगेच ताडून घ्या, बँक तोही मागते.