क्रिएटिव्ह ब्रीफ कसे लिहावे

क्रिएटिव्ह ब्रीफ म्हणजे जाहिरात कोणासाठी करायची आणि तिने काय सांगायचे, हे जाहिरात तयार करणाऱ्या क्रिएटिव्ह टीमला कळवणारा छोटा लेखी कागद. क्लायंटकडून आलेला ई-मेल जसाच्या तसा या टीमकडे पाठवला की ब्रीफ दिले, असा समज अनेक जाहिरात एजन्सींमध्ये रुजलेला आहे. त्या ई-मेलमध्ये क्लायंटला काय हवे ते असते; परंतु जाहिरात ज्याच्यासाठी करायची तो ग्राहक, त्याच्या मनातील अडचण आणि त्याला सांगायची नेमकी गोष्ट बहुधा नसते. ती शोधून कागदावर उतरवणे हे ब्रीफ लिहिणाऱ्याचे काम आहे, मग तो प्लॅनर, म्हणजे एजन्सीत ग्राहकाचा अभ्यास करणारा, असो किंवा क्लायंट सर्व्हिसिंगमधील, म्हणजे क्लायंटशी संपर्क ठेवणाऱ्या विभागातील, कुणी. प्लॅनर हे पदही याच गरजेतून आले. १९६८ साली लंडनमध्ये जे. वॉल्टर थॉम्पसन या एजन्सीत स्टीफन किंग यांनी आणि बोस मॅसिमी पॉलिट या एजन्सीत स्टॅन्ली पॉलिट यांनी जाहिरात घडत असतानाच ग्राहकाचा अभ्यास हाताशी असावा, ही पद्धत रुजवली.

सुरुवात क्लायंटला प्रश्न विचारून करावी. ‘ब्रँडची ओळख वाढवायची आहे’ या उत्तरावर थांबू नये. आज ग्राहक काय करतो, उद्या त्याने काय करावे आणि तो ते आज का करत नाही, या तीन गोष्टी मिळेपर्यंत विचारत राहावे. सायकलच्या हेल्मेटचे उदाहरण घेऊ. लोक हेल्मेट घेत नाहीत याचे कारण किंमत असेल तर जाहिरात एक होईल, आणि ‘जवळच तर जायचे आहे’ ही भावना असेल तर पूर्णपणे वेगळी होईल. ‘१८ ते ४५ वयोगट’ एवढे लिहून हा फरक कळत नाही. त्यापेक्षा कामावर जाताना हेल्मेट घालणारा, पण कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना ते घरी ठेवणारा माणूस वर्णन करावा.

यानंतर सर्वांत कठीण भाग येतो, आणि ब्रीफसाठी जितका वेळ असेल त्याचा निम्मा मी यावर घालवतो: ग्राहकाला द्यायचे एकच वचन एका वाक्यात लिहिणे. हेल्मेट हलके आहे, त्याचे अस्तर धुता येते, ते पाच रंगांत मिळते आणि त्याला दोन वर्षांची हमी आहे, हे सगळे खरे असले तरी वरच्या माणसाची अडचण त्यांपैकी फक्त हलकेपणा सोडवतो. म्हणून वाक्य असे होईल: ‘पाच मिनिटांच्या फेरीसाठीही सहज डोक्यावर चढवावे इतके हे हेल्मेट हलके आहे.’ त्याखाली पुरावा म्हणून प्रत्यक्ष वजन लिहावे. हेच वाक्य प्रतिस्पर्ध्याच्या नावासह तितकेच शोभत असेल, तर ते खोडून पुन्हा लिहावे. एव्हिस ही मोटारी भाड्याने देणारी कंपनी बाजारात दुसऱ्या क्रमांकावर होती; १९६२ साली डॉईल डेन बर्नबाख एजन्सीतील कॉपीरायटर (जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्या) पॉला ग्रीन यांनी, आम्ही दुसरे आहोत म्हणून अधिक झटतो, हेच तिचे वचन बनवले. त्या वेळी पहिल्या क्रमांकावरील कंपनीला ते उसने घेता आले नसते. मात्र ब्रीफमधील वाक्याने घोषवाक्य होण्याचा प्रयत्न करू नये, कारण ती जागा टीमची आहे.

माध्यमे, आकार, लोगोचे नियम, कायदेशीर मजकूर, बजेट आणि तारखा वेगळ्या पानावर द्याव्यात. अंतिम मंजुरी कोण देणार, ते मात्र नावानिशी लिहावे.

ब्रीफला क्लायंटची लेखी संमती मिळाल्यावरच ते टीमला द्यावे, आणि शक्यतो समोर बसून, कॉपीरायटर व जाहिरातीची दृश्य बाजू सांभाळणारा आर्ट डायरेक्टर यांना एकत्र द्यावे. या दोघांची जोडी करण्याची पद्धत बिल बर्नबाख यांच्या, म्हणजे वर आलेल्या डॉईल डेन बर्नबाख, एजन्सीने रूढ केली, आणि शब्द व चित्र एकाच संभाषणातून निघावेत हा तिचा हेतू आजही तितकाच योग्य आहे.

फीडबॅक आल्यावर ‘लोगो मोठा करा’ ही सूचना थेट पुढे सरकवू नये. जाहिरात कोणाची हे कळत नाही, अशी क्लायंटची तक्रार आहे का, ते विचारून घ्यावे आणि टीमला तक्रार सांगावी. उपाय त्यांना शोधू द्यावा. फीडबॅकमुळे मूळ वचनच बदलत असेल, तर कलाकृतीला हात लावण्याआधी ब्रीफ बदलावे, त्यावर नवी तारीख टाकावी आणि संमती पुन्हा घ्यावी.